एका खोलीतून आलेले गाणे

आइसलंडच्या संगीताविषयी जगभर जे लिहिले जाते, त्यात हिमनद्या, ज्वालामुखी आणि ध्रुवप्रकाश यांचा उल्लेख इतक्या नेमाने येतो की, तेथील संगीतकार म्हणजे निसर्गाचे नुसते लेखनिक असावेत, अशी वाचकाची समजूत होते. त्या विलक्षण भूमीचा ठसा तेथील काही रचनांवर आहे, हे खरेच. परंतु एवढ्या स्पष्टीकरणाने प्रश्न सुटत नाही, कारण हिमनद्या आणि ज्वालामुखी नवव्या शतकात तेथे वस्ती झाली तेव्हाही होते, आणि तरीही संपूर्ण सिम्फनी वाद्यवृंद त्या देशातील लोकांना पहिल्यांदा ऐकायला मिळाला तो १९२६च्या उन्हाळ्यात, तोही जर्मनीतील हांबुर्गहून जहाजाने आलेला. चार लाखांहूनही कमी लोकसंख्या असलेल्या या बेटाने त्यानंतरच्या शंभर वर्षांत ब्योर्क आणि ‘सिगुर रोस’पासून ऑस्करविजेत्या हिल्दुर गुद्नादोत्तिरपर्यंत जी मांदियाळी उभी केली, तिची मुळे शोधायची तर डोंगरदऱ्यांपेक्षा घराच्या आत, मातीच्या भिंतींच्या एका खोलीत डोकावणे अधिक उपयोगाचे ठरते.

इमारती लाकडाचा तुटवडा असलेल्या त्या देशात शेकडो वर्षे घरे बांधली जात ती दगड आणि गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली मातीची ढेकळे रचून. अशा घरातील मुख्य खोलीला ‘बाद्स्तोवा’ म्हणत. तिच्या दोन्ही भिंतींलगत बिछाने असत आणि मालक, मुले, गडीमाणसे अशी सगळी मंडळी तेथेच झोपत, जेवत आणि काम करीत. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, बाहेरची कामे थांबलेली आणि लोकर मात्र ढीगभर पडलेली; तेव्हा संध्याकाळी ती पिंजणे, कातणे, विणणे सुरू झाले की घरातील एकजण किंवा गावोगाव हिंडणारा एखादा पाहुणा दिव्याजवळ बसून जुन्या गद्यकथा वाचून दाखवी, नाहीतर पद्यकथा आळवी. या बैठकीला ‘क्वोल्दवाका’ म्हणजे ‘संध्याकाळचे जागरण’ असे नाव होते. श्रोत्यांचे हात कामात गुंतलेले आणि कान मोकळे, अशी ही सभा होती; तिच्यात रंगमंच नव्हता, तिकीट नव्हते आणि बहुतेक घरांत वाद्यही नव्हते. दोन तारांची पेटीसारखी ‘फिद्ला’ आणि ‘लांगस्पील’ हे लांबट तंतुवाद्य अशी दोन वाद्ये या भूमीची म्हणून ओळखली जातात. लांगस्पीलमध्ये एका तारेवर चाल वाजते आणि बाकीच्या तारा तंबोऱ्याप्रमाणे एकच स्वर धरून राहतात. ही वाद्येही थोड्याच घरांत असत. जुनी नृत्यगीते चर्चच्या रोषामुळे हळूहळू लोप पावली. जे उरले, ते माणसाच्या गळ्यावर आणि शब्दावर उभे राहिले.

या बैठकींत आळवल्या जाणाऱ्या पद्यकथांना ‘रीमुर’ म्हणतात. त्यांचा सर्वांत जुना उपलब्ध नमुना नॉर्वेच्या ओलाफ राजाविषयी असून तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘फ्लातेयारबोक’ या हस्तलिखितात आहे. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ही रचना अखंड चालू राहिली. राजे, वीर, प्रेमकथा, कधी परदेशातून आलेल्या अद्भुतकथा असे तिचे विषय असत. कथेचे भाग पाडलेले असत आणि पुढे पुढे प्रत्येक भागाच्या आरंभी कवी स्वतःच्या मनातले चार शब्द सांगणारी प्रस्तावना जोडू लागला. खरी कसोटी असे ती छंदाची. सर्वांत प्रचलित छंद चार ओळींचा. त्यात पहिल्या-तिसऱ्या आणि दुसऱ्या-चौथ्या ओळींचे यमक जुळवायचे, शिवाय पहिल्या ओळीतील दोन आघातयुक्त शब्द ज्या ध्वनीने सुरू होतात त्याच ध्वनीने दुसऱ्या ओळीतील पहिला आघातयुक्त शब्द सुरू व्हायला हवा, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळींतही तोच नियम नव्याने पाळायचा. मराठीत अनुप्रास हा अलंकार आहे, हवा तर घालावा, नको तर सोडावा. आइसलंडिक पद्यात तो बांधकामाचा खांब आहे आणि तो चुकला तर निरक्षर श्रोत्याच्याही कानाला खटकत असे. त्यातच ‘लाटांचा घोडा’ म्हणजे जहाज अशा कूटशब्दांची जुनी परंपरा या पद्याने सांभाळली, त्यामुळे ऐकणाऱ्याला चालीबरोबर कोडीही सोडवावी लागत.

हे पद्य गायले जाई, असे आइसलंडिक लोक म्हणत नाहीत. त्यासाठी त्यांच्याकडे ‘क्वेदा’ असे वेगळे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ बोलणे व गाणे यांच्या मधे कुठेतरी पडतो. चार ओळींना पुरेल एवढी छोटी चाल, तिला ‘स्तेम्मा’ म्हणतात, पुन्हा पुन्हा फिरवायची, शब्दांच्या आघाताप्रमाणे तिची लय ओढायची किंवा आखडायची आणि कडव्याच्या शेवटी अखेरचा स्वर लांबवायचा, अशी ती रीत होती. एकच चाल शेकडो कडव्यांना चाले आणि एकाच कडव्याला प्रत्येक दरीतील माणसाची चाल वेगळी असे. चाल ही शब्दाची चाकरी करते, हे तत्त्व या परंपरेत इतके खोल मुरले आहे की पुढील काळात आइसलंडमध्ये जी वाद्ये आणि शैली आल्या, त्यांना ते ओलांडून जाता आले नाही.

दुसरे मूळ दोन गळ्यांचे आहे. ‘त्वीसोंगुर’ म्हणजे ‘दुहेरी गान’. यात एक गायक मुख्य चाल धरतो आणि दुसरा तीच चाल पाच स्वरांच्या अंतरावर, म्हणजे आपल्या भाषेत षड्जाला पंचम जोडून, समांतर नेतो. मध्येच दोघे एकमेकांना ओलांडतात आणि वरचा आवाज खाली, खालचा वर जातो. अनेक चालींत तीव्र मध्यम लागतो, त्यामुळे नेहमीच्या युरोपीय स्वरांना सरावलेल्या कानाला हे गायन रुक्ष आणि अनोळखी वाटते. मध्ययुगात युरोपच्या चर्चमध्ये अशा समांतर पंचमांचे गायन होत असे, पण नंतरच्या शास्त्राने ते दोषात जमा केले आणि संवादित्वाच्या पाठ्यपुस्तकांत विद्यार्थ्यांना ते टाळायला शिकवले जाऊ लागले. आइसलंडच्या खेड्यांपर्यंत ती पुस्तके फार उशिरा पोहोचली, म्हणून तेथे जुने गायन विसाव्या शतकापर्यंत टिकले. गरिबी आणि एकाकीपणा यांनी एखाद्या कलेचे रक्षण करावे, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. पूर्वेकडील सेद्इसफ्योर्दुर या गावाच्या वर डोंगरउतारावर २०१२ साली ‘त्वीसोंगुर’ याच नावाची पाच काँक्रीटच्या घुमटांची शिल्परचना उभारण्यात आली असून, प्रत्येक घुमट एका विशिष्ट स्वराला घुमतो.

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही परंपरांवर घाला आला, आणि तो परक्यांनी नव्हे तर देशातील सुशिक्षितांनीच घातला. कवी आणि निसर्गशास्त्रज्ञ योनास हाल्ग्रिमसन याने १८३७ साली ‘फ्योल्निर’ या नियतकालिकात सिगुर्दुर ब्रेइदफ्योर्द याच्या रीमुरवर इतकी जहाल टीका केली की, त्यानंतर विद्वानांच्या जगात या प्रकाराची प्रतिष्ठा उरली नाही. योनासची काव्यदृष्टी उंच होती आणि साचेबंद, कथेचे हाल करणाऱ्या रीमुरविषयीची त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण पुस्तकातील पद्याचे परीक्षण करताना बैठकीतील आळवणे त्याने विचारात घेतले नाही, आणि ही चूक लहान नव्हती. पुढे १८४०च्या सुमारास रेक्याविकच्या प्रमुख चर्चमध्ये ऑर्गन आला, डॅनिश व जर्मन वळणाच्या चाली आल्या, चार आवाजांची वृंदगायने आली आणि आजोबांचे गाणे नातवाला ओबडधोबड वाटू लागले. वस्तीला हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने १८७४ साली तयार झालेले आणि पुढे राष्ट्रगीत ठरलेले स्तोत्र याच नव्या वळणाचे आहे. त्याची चाल स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे राहणाऱ्या स्वेइनब्योर्न स्वेइनब्योर्नसन याने बांधली, आणि तिची स्वरकक्षा इतकी मोठी आहे की सामान्य नागरिकाला ती पेलत नाही.

जुने अगदी बुडाले नाही, याचे श्रेय थोड्या माणसांना आहे. उत्तर किनाऱ्यावरील सिग्लुफ्योर्दुर या गावचा धर्मगुरू ब्यार्नी थोर्स्तेइन्सन याने अनेक वर्षे चाली गोळा करून १९०६ ते १९०९ या काळात जवळजवळ हजार पानांचा संग्रह प्रसिद्ध केला. रेक्याविकमध्ये आलेल्या खेडूत मंडळींनी १९२९ साली ‘इदुन्न’ हे रीमुर आळवणाऱ्यांचे मंडळ स्थापन केले आणि १९३५-३६च्या सुमारास दोनशे चाली तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. या लोकांना कलाकार म्हणून कुणी ओळखत नव्हते. गावाकडची चाल शहरात विसरली जाईल, एवढ्या एका काळजीपोटी त्यांनी ते काम केले, आणि आजच्या आइसलंडिक संगीतावर त्यांचे जेवढे ऋण आहे तेवढे फार थोड्या नामवंतांचे असेल.

संगीतकार योन लेइफ्स (१८९९–१९६८) याने या ठेव्याचा अर्थ सर्वांत धाडसाने लावला. तो जर्मनीतील लाइपझिगला शिकला, १९२०च्या दशकात फोनोग्राफ घेऊन आइसलंडच्या खेड्यांत फिरला, आणि १९२६ साली हांबुर्गचा तो वाद्यवृंद देशात घेऊन येणाराही तोच होता. पाठ्यपुस्तकांनी निषिद्ध मानलेले समांतर पंचम आणि रीमुरची शब्दाच्या आघाताने सतत बदलणारी लय यांवर त्याने आपली संपूर्ण भाषा उभारली. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याच्या कुटुंबाच्या जिवाला धोका होता. १९४४ साली ते जर्मनीतून स्वीडनमध्ये निसटले, आणि तीनच वर्षांनी त्याची मुलगी लीव समुद्रात बुडून गेली. तिच्या स्मरणार्थ केलेले छोटे वृंदगीत अतिशय संथ, जवळजवळ अंगाईसारखे आहे, तर १९६१ साली पूर्ण झालेल्या ‘हेक्ला’ या ज्वालामुखीवरील रचनेत ऐरणी, साखळदंड, दगड आणि तोफा वाजतात. मायदेशाने हयातीत त्याला फारसे स्वीकारले नाही. निसर्गाचा संगीतकार म्हणून त्याचे नाव घेतले जाते, पण त्याच्या ज्वालामुखीलाही वाचा दिली ती खेड्यातील दुहेरी गानाने, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

लोकप्रिय संगीत मात्र बाहेरून आले. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ब्रिटिश आणि पाठोपाठ अमेरिकन सैन्य बेटावर उतरले, पुढे केफ्लाविक येथे अमेरिकन तळ राहिला आणि त्याच्या नभोवाणीवरून जॅझ व रॉक आसपासच्या घरांत पोहोचले. म्हणूनच देशातील ‘बीटल्स’ समजला जाणारा ‘ह्ल्योमार’ हा संच १९६३ साली राजधानीत नव्हे तर केफ्लाविकमध्ये जन्माला आला. त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, जिची बातमी कुठल्याच संगीतप्रेमीने जपून ठेवली नसेल: संगीतशाळांना सार्वजनिक निधीतून आर्थिक आधार देणारा कायदा संमत झाला. त्यानंतर मासेमारीच्या छोट्या गावांतही शिक्षक आले, आणि आज ऐंशी-नव्वद संगीतशाळा त्या देशभर पसरलेल्या आहेत. कोळ्याच्या मुलाला शाळा सुटल्यावर चेलो शिकता येतो, आणि तोच मुलगा संध्याकाळी मित्रांच्या गॅरेजमध्ये गिटार वाजवतो. पुढील पिढीच्या बँडमध्ये व्हायोलिन, ट्रॉम्बोन आणि हार्मोनियम इतक्या सहजतेने कसे आले, याचे उत्तर या सरकारी कागदात आहे. ब्योर्क लहानपणापासून अशाच शाळेत शिकली. ‘सिगुर रोस’बरोबर वाजवणाऱ्या ‘अमीना’ या चौघीजणी रेक्याविकच्या संगीत महाविद्यालयात एकत्र आल्या.

१९८०च्या आसपास पंक, म्हणजे मुद्दाम कच्चे, रागीट आणि कुणालाही वाजवता येईल असे रॉक, रेक्याविकमध्ये पोहोचले. फ्रिद्रिक थोर फ्रिद्रिक्सन याच्या ‘रोक्क इ रेक्याविक’ (१९८२) या माहितीपटात त्या वर्षांचे सारे संच दिसतात, किशोरवयीन ब्योर्कही दिसते. आणि त्या गोंगाटात पांढऱ्या दाढीचा एक मेंढपाळ शेतकरी रीमुर आळवताना दिसतो. हा स्वेइनब्योर्न बेइन्तेइनसन. प्राचीन नॉर्स देवतांच्या उपासनेची संघटना १९७२ साली स्थापन करणाऱ्यांपैकी तो एक होता आणि रीमुरच्या छंदांवर त्याने ग्रंथ लिहिला होता. त्याला चित्रपटात आणणे ही गंमत नव्हती. आपण ज्या पाश्चात्त्य लाटेवर स्वार आहोत ती उसनी आहे, आणि स्वतःच्या भाषेत ओरडायचे असेल तर ती भाषा ज्याच्या गळ्यात मुरली आहे त्याच्याजवळ जावे लागेल, हे त्या पोरांना उमगले होते. त्यांच्यातील ‘थेइर’ या संचाचा हिल्मर ओर्न हिल्मरसन पुढे त्याच संघटनेचा प्रमुख झाला.

याच मंडळींनी १९८६ साली ‘स्मेक्क्लेइसा’, अर्थात ‘अरसिकता’, नावाची प्रकाशन संस्था काढली. त्या ऑक्टोबरमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची शिखर परिषद रेक्याविकला भरली होती. तिच्यावरील एका पोस्टकार्डाच्या विक्रीतून संस्थेला सुरुवातीचे भांडवल मिळाले, आणि त्यातून ‘शुगरक्यूब्ज’ या संचाची तबकडी निघाली. ब्योर्कच्या आवाजाने ब्रिटन जिंकले ते येथून. पुढे एकटीने गाताना तिने ‘होमोजेनिक’मध्ये (१९९७) तंतुवाद्यांच्या अष्टकाला विजेच्या ठोक्यांशी जोडले आणि ‘मेदुला’मध्ये (२००४) जवळजवळ सगळी वाद्ये बाजूला ठेवून केवळ माणसांचे गळे वापरले. ज्या देशात शतकानुशतके गळा हेच वाद्य होते, तेथील गायिकेने हे करावे यात नवल नाही. शिवाय तिने त्यात योरुन्न विदार या ज्येष्ठ आइसलंडिक संगीतकार स्त्रीचे एक गीतही गायले आहे.

‘सिगुर रोस’ हा संच १९९४ साली स्थापन झाला आणि ‘आगायतिस बिर्युन’ (१९९९) या संग्रहाने जगभर पोहोचला. चेलोच्या गजाने वाजवलेली गिटार, उंच पट्टीतील पुरुषी आवाज आणि अर्थहीन अक्षरांची स्वनिर्मित ‘भाषा’ ही त्याची ओळख झाली, आणि येथूनच हिमनद्यांच्या उपमांचा पूर आला. त्या पुरात एक गोष्ट वाहून गेली. २००१च्या सुमारास हा संच ‘इदुन्न’ मंडळाच्या स्तेइन्दोर आन्देर्सन याच्याबरोबर रीमुर सादर करीत होता, आणि २००२ साली हिल्मर ओर्न, स्तेइन्दोर व संपूर्ण वाद्यवृंद यांच्यासह त्याने ‘ह्राफ्नागाल्दुर’ या जुन्या पौराणिक काव्यावर आधारित रचना उभी केली, जिच्यात सपाट दगड निवडून बनवलेले वाद्यही वाजले. तिचे ध्वनिमुद्रण बाजारात यायला २०२० साल उजाडले. २००६च्या उन्हाळ्यात या संचाने देशभर हिंडून गावोगावच्या सभागृहांत आणि ओसाड कारखान्यांत फुकट कार्यक्रम केले, तेव्हा आजीपासून नातवंडांपर्यंत सारे गाव एका छताखाली बसले. ‘हेइमा’ म्हणजे ‘घरी’ या चित्रपटात ते दिसते, आणि त्याकडे पाहताना जुन्या खोलीची आठवण होते.

देश लहान असल्यामुळे तेथे संगीताच्या भिंती जाड होत नाहीत. योहान योहानसन (१९६९–२०१८) आधी ‘हाम’ या कर्कश रॉक संचात होता. १९९९ साली त्याने इतरांबरोबर ‘किचन मोटर्स’ हा प्रयोगशील गट काढला, ज्याचे काम एकमेकांना कधीच न भेटलेल्या प्रकारांतील वादकांना एकत्र बसवणे हे होते, आणि तोच पुढे ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’ व ‘अरायव्हल’ या चित्रपटांचा संगीतकार झाला. हिल्दुर गुद्नादोत्तिर ‘मूम’ या संचात चेलो वाजवी. ‘चेर्नोबिल’ मालिकेसाठी तिने लिथुएनियातील बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात जाऊन तेथील आवाज मुद्रित केले आणि ‘जोकर’साठी २०२० साली ऑस्कर मिळवले. आन्ना थोर्वाल्ड्सदोत्तिर हिची ‘कॅटामॉर्फोसिस’ ही रचना जानेवारी २०२१मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने प्रथम सादर केली, म्हणजे हांबुर्गच्या त्या जहाजानंतर पंचाण्णव वर्षांनी प्रवास उलट दिशेने झाला. २००८च्या बँकांच्या पतनानंतर अर्धवट राहिलेले ‘हार्पा’ हे संगीतगृह सार्वजनिक पैशातून पूर्ण करून २०११ साली उघडण्याचा निर्णय तेव्हा अनेकांना बोचला होता. पण सिम्फनी, रॅप आणि शाळकरी मुलांचे वृंदगान एकाच छताखाली नांदवणारी ती वास्तू आता शहराला परकी वाटत नाही.

शब्दाची पकड आजही सुटलेली नाही. कोल्बेइन तुमासन या सरदाराने १२०८ साली, मृत्यूच्या आदल्या दिवशी रचल्याचे मानले जाणारे स्तोत्र थोर्केल सिगुरब्योर्नसन याच्या १९७०च्या दशकातील चालीत देशभर गायले जाते, आणि ‘आउर्स्तीदिर’ या तरुण संचाने ते जर्मनीतील एका रेल्वे स्थानकात वाद्यांविना गायले तेव्हा त्याची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. आठशे वर्षांपूर्वीची भाषा आजच्या आइसलंडिक माणसाला कोशाशिवाय बरीचशी कळते, म्हणून हे शक्य होते. नवोदितांच्या ‘म्यूसिक्तिल्राउनिर’ या १९८२पासूनच्या स्पर्धेत २००० साली जिंकलेल्या ‘रॉटवायलर’ संचाने इंग्रजी रॅपची प्रथा मोडून आइसलंडिकमध्ये रॅप रूढ केले. ‘स्काल्मोल्द’ हा हेवी मेटल संच तर जुन्या छंदांचे अनुप्रास काटेकोरपणे पाळून पुराणकथा गातो. आउस्गेइर या गायकाचा २०१२चा पहिला संग्रह देशातील दर दहा माणसांमागे एकाकडे असल्याचे सांगितले जाते, आणि त्यातील बहुतेक कविता त्याच्या वृद्ध वडिलांनी लिहिलेल्या आहेत.

अर्थात ओढ दुसऱ्या दिशेनेही आहे, आणि ती वाढते आहे. ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’ आणि २०२४ साली ग्रॅमी मिळवणारी लोइवे ही आइसलंडिक-चिनी गायिका प्रामुख्याने इंग्रजीत गातात, आणि चार लाखांच्या बाजारपेठेत पोट भरत नसेल तर त्यांना त्याचा दोष देता येणार नाही. विमानतळावरील एका हँगरमध्ये १९९९ साली सुरू झालेला ‘आइसलंड एअरवेव्ज’ महोत्सव परदेशी पाहुण्यांसाठीच वाढला, आणि पर्यटनाच्या भरतीत रेक्याविकच्या मध्यवस्तीतील छोट्या जागांवर हॉटेले आली, ज्या जागांत हे संच पहिल्यांदा वाजले होते. दुसरीकडे ‘इदुन्न’ने २००४ सालीच आपल्या त्या दोनशे चाली स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध केल्या. मंडळाच्या सभा अजूनही भरतात. तेथे कुणी नवे चार ओळींचे कडवे करून आणतो, दुसरा त्याला आपल्या दरीतील एखादी चाल लावून पाहतो, आणि अनुप्रास चुकला असेल तर बसलेल्यांपैकी कुणीतरी तो तिथल्या तिथे दाखवून देतो.